मीटर अर्ध्यावर का ठेवला: भजन मंडळाच्या तक्रारीला स्टुडिओचं उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुम्ही दोन तारे दिले आणि तीन तक्रारी लिहिल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी वारंवार सांगूनही मी आवाजाची पातळी दाखवणारा मीटर अर्ध्यावरच ठेवला, घरी मोबाइलवर आवाज बारीक आणि कोरडा निघाला, आणि तिसऱ्या भजनात मागे सारखी गुणगुण आहे. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवाआधी भजनं तयार हवीत म्हणून तुमची मंडळी कापसाची वेचणी सोडून आर्वीहून तिवशाला आली होती. तुमचा राग मला समजतो.

गुणगुण ही चूक माझी. तुमच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची साधी वायर मी सरळ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या पेटीत लावली. मधे डीआय बॉक्स, म्हणजे साध्या वायरीचा सिग्नल माइकच्या वायरीसारखा करून देणारी डबी, लावायला हवा होता. माइकच्या तीन पिनांच्या वायरीत एकच सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो, त्यामुळे वाटेत शिरलेला गोंगाट शेवटी कटतो. साध्या वायरीत ती सोय नसते, म्हणून विजेची 50 हर्ट्झची गुणगुण आत आली. खंजिरीच्या जोरात मला ती हेडफोनवर जाणवली नाही. भजन सुरू होण्याआधीची शांतता मी नीट ऐकायला हवी होती.

मीटर मात्र उद्याही मी तिथंच ठेवीन. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. माइकचा नाजूक सिग्नल आत घेताना किती वाढवायचा, तो गेन. व्हॉल्यूम ऐकताना केव्हाही वाढवता येतो. राष्ट्रसंतांच्या भजनाचा जीव खंजिरीत आहे, आणि तिची थाप क्षणभरच टिकते, पण गळ्याच्या कितीतरी वर उसळते. डिजिटलमध्ये 0 डेसिबल हे छत. त्याला धडकलं की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आवाज फाटतो आणि मूळ थाप परत मिळत नाही. म्हणून गळा उणे 18 डेसिबलच्या, म्हणजे छताच्या 18 डेसिबल खाली, आसपास ठेवला. तरी शेवटच्या गजरात तुमच्या बुवांची खंजिरी उणे 3 पर्यंत गेली. तुमचं ऐकून गेन वाढवला असता तर तो गजर हातचा गेला असता, आणि काय गजर होता तो! आपण 24 बिटवर घेतो, म्हणजे आवाजाचं प्रत्येक माप 24 बिटांत लिहिलं जातं, आणि एका बिटमागे साधारण 6 डेसिबलची जागा मिळते. त्यामुळे आवाज नंतर वाढवला तरी मशीनची खरखर वर येत नाही.

कोरडेपणाबद्दल तुमचा शब्द अगदी बरोबर आहे, आम्हीही त्याला ड्रायच म्हणतो. पेनड्राइव्हमध्ये गेल्या त्या कच्च्या वेव्ह फाइल होत्या, त्यांवर रिव्हर्ब म्हणजे घुमारा नाही, कॉम्प्रेशन म्हणजे जोराचा आणि हळू आवाज जवळ आणणं नाही. मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवून बसवणं, अजून बाकी आहे हे तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हाताऱ्या मंडळींसमोर मी नुसते इंग्रजी शब्द फेकत राहिलो, त्याचं वाईट वाटतं.

बाकीच्या भजनांचं मिक्स शनिवारी तुमच्या मोबाइलवर पाठवतो. तिसरं भजन पुन्हा घेऊ, त्याचे पैसे नाहीत. येताना तोच तानपुरा आणा, आणि खंजिरीला बुवाच हवेत.