‘हे सगळे फॉरेनचे लाड’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका नमस्कार, कमेंट नीट वाचली. बाकीच्यांना कळावं म्हणून सांगतो, मी लिहिलं होतं की नवीन लायसन्सवाल्याला पहिलं एक वर्ष रात्री उशिरा आणि मित्रांना बसवून गाडी चालवायला मनाई पाहिजे, तर काका म्हणून राहिले की हे फॉरेनचे लाड आहेत, इथं हेल्मेट कोणी घालत नाही तर हे कोण पाळणार, अठराव्या वर्षी मत देता येतं मग गाडी काहून नाही, आणि त्यांचा मुलगा नागपूरजवळच्या बुटीबोरीला कंपनीत सेकंड शिफ्ट करतो, रात्री बारानंतर घरी येतो, त्याच्या पोटावर पाय कशाला.

शिफ्टचं सोपं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत रात्रीची बंदी आहे पण कामावर जाणं-येणं त्यातून वगळलंय. तसंच इथं करा, कंपनीचं आयकार्ड खिशात ठेवा, झालं. त्याला अडवा असं मी कुठंच म्हटलेलं नाही.

आता फॉरेनचं. न्यूझीलंडनं 1987 मध्ये असं टप्प्याटप्प्यानं लायसन्स द्यायला सुरुवात केली, तिथं शिकाऊ आणि पूर्ण लायसन्सच्या मधल्या टप्प्यातल्या ड्रायव्हरला रात्री 10 ते पहाटे 5 एकट्यानं गाडी चालवता येत नाही. ठीक आहे, तिकडचं आहे. पण पायरीपायरीनं लायसन्स द्यायचं हे आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातपण आहेच नं! ट्रान्सपोर्ट गाडीचं शिकाऊ लायसन्स पाहिजे तर आधी हलक्या मोटारीचं लायसन्स निदान एक वर्ष हातात असावं लागतं, आणि 20 वर्षांच्या आत ट्रक चालवताच येत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी आमदार निवडता येतो पण ट्रक नाही, आणि यासाठी कोणी संविधान चौकात धरणं दिल्याचं मला आठवत नाही.

मुद्दा वयाचा नाहीच हो. टेस्टमध्ये काय बघतात, आठ काढ, रिव्हर्स घे, सिग्नल दे. ते आजकालच्या पोट्ट्यांना झकास येतं. येत नाही ते हे की समोरचा ऑटो आता थांबणार, गल्लीतून कोणीतरी न बघता निघणार, अंधारात ट्रॉलीला मागचा लाइटच नाही, हा अंदाज फक्त चालवून चालवून येतो आणि म्हणूनच लायसन्स मिळाल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात. त्यात मागे दोस्त बसले की वेगळाच माणूस गाडी चालवतो. सोबत समवयस्क जितके जास्त तितका अपघाताचा धोका जास्त, हे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय, आणि त्यासाठी अमेरिकेत जायची गरज पण नाही, शनिवारी रात्री अकराला आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर उभं राहून बघा. आणि आज लायसन्स हातात आलेला पोरगा उद्या बापाची कार घेऊन समृद्धीवर 120 नं जाऊ शकतो, कायद्यानं! ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला पहिल्या टप्प्यातल्या ड्रायव्हरला 90 च्या वर जाता येत नाही, कितीही मोठा हायवे असो.

आता पाळणार कोण. पोलीस प्रत्येकाला थांबवून लायसन्सची तारीख बघणार नाही, मान्य. पण तिकडेही हे मुख्यतः घरातच पाळलं जातं. आज पोरगं म्हणतं सगळे चालले सावजी खायला, मी पण कार नेतो, तर बापाकडे ‘नाही’ म्हणायला कारणच नसतं, भांडण होतं आणि शेवटी आई चावी देते. कायद्यात लिहिलेलं असलं की बापाला बोट दाखवायला जागा मिळते. शिवाय 2019 पासून अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहेच, म्हणजे चावी देणाऱ्याला जबाबदार धरायची सोय कायद्यात झालेली आहे, ती अठरा पूर्ण झाल्याच्या दिवशी एकदम शून्य का व्हावी हे मला कळत नाही.

एक मात्र मला पण नको. त्याच न्यू साउथ वेल्सला पंचविशीच्या आतल्या शिकाऊ ड्रायव्हरला 120 तास चालवल्याची नोंद वहीत दाखवावी लागते. आपल्याकडे ती वही एका रात्रीत दोन रंगांच्या पेनानं भरून होईल, इंजिनीअरिंगच्या जर्नलसारखी.

आणि खरं सांगू का, मला कारपेक्षा टू-व्हीलरची जास्त चिंता आहे, तुम्ही त्यावर काहीच बोलले नाही. सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतच परवानगी आहे, आता 50 सीसीची गाडी शोरूममध्ये दाखवा बरं कोणी, म्हणून धरमपेठच्या ट्यूशनसमोर सगळ्या 110-125 च्या मोपेड, त्यापण ट्रिपल सीट. आणि अठरा झाले की गिअरवाल्या मोटरसायकलचं एकच लायसन्स, त्यावर 100 सीसी चालवा नाही तर 650. युरोपात आधी 125 सीसी, मग मधली पायरी, त्यावर दोन वर्षं काढली की मग मोठी गाडी. माझं ऐकाल तर सुरुवात इथूनच करावी, यात रात्र, शिफ्ट काहीच आडवं येत नाही, शोरूमवाल्यानं लायसन्स बघितल्याशिवाय गाडी द्यायची नाही एवढंच. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा, सीसीची मर्यादा किती ठेवावी तेपण.