घड्याळ कमांडोचं, मनगट आपलं

ल्युमिनॉक्स घड्याळ घ्यायचं ठरवलंत? अभिनंदन. पैशांचं काही बोलत नाही, ते गेलेच. आता एवढं ठरवायचं की त्याचा इतिहास चारचौघांत सांगायचा कसा. वेळ काय, फोनवरही दिसते. असलं घड्याळ माणूस घेतो ते "हे कुठलं हो?" असं कुणीतरी विचारावं म्हणून. आणि कुणी विचारलंच, तर सांगायची गोष्ट तोंडपाठ हवी.

सुरुवात १९८९ पासून मुळीच करू नका. त्या साली बॅरी कोहेन नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. ते पाणबुडे नव्हते की छत्रीधारी सैनिक नव्हते, घड्याळांच्या धंद्यातले होते. स्वित्झर्लंडमधलं स्वयंप्रकाशी नळ्यांचं तंत्र त्यांच्या नजरेत भरलं आणि त्यांनी ते घड्याळात बसवून विकायला काढलं. यात चूक काहीच नाही, पण अंगावर काटाही येत नाही.

म्हणून थेट अमेरिकी नौदलाच्या सील कमांडोंवर उडी मारा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सील्सच्या खरेदीचं काम बघणारे निक नॉर्थ रात्रीच्या मोहिमांसाठी घड्याळ शोधत होते. त्यातून काळं, हलकं, २०० मीटरपर्यंतचा पाण्याचा दाब सोसणारं घड्याळ आकाराला आलं. "रात्रीच्या मोहिमा" म्हणताना आवाज जरा खाली आणा. "खरेदी" हा शब्द मात्र गाळा. तो ऐकला की समोरच्याच्या डोळ्यांपुढे निविदा, तीन कोटेशनं आणि बशीतून चहा पिणारे हेडक्लार्क उभे राहतात, आणि मोहीम तिथेच बुडते.

पाठोपाठ एफ-११७ नाइटहॉक विमान काढा. लॉकहीड मार्टिनचं हे काळं विमान रडारला सापडू नये म्हणून बनवलेलं आणि काळोखात मोहिमेवर जाणारं. त्याच्या नावाचंही ल्युमिनॉक्स निघालं. कुणालाही दिसू नये म्हणून घडवलेल्या विमानाचं घड्याळ अंधारात चमकतं, याचा फार विचार करू नका. विचार करणाऱ्याने भिंतीवरचं घड्याळ घ्यावं.

मग प्रात्यक्षिक. इथे जरा अडचण आहे. काट्यांवर आणि आकड्यांपाशी ज्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात, त्या बर्नजवळच्या एमबी-मायक्रोटेक कंपनीच्या. काचेच्या नळीला आतून चमकणाऱ्या पदार्थाचा थर देतात, ट्रिटियम वायू भरतात आणि तोंड बंद करतात. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊबंद. त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन त्या थरावर आपटतात आणि थर चमकतो. उन्हात धरायला नको, बटण दाबायला नको. बंद करायची सोयही नाही. तुम्ही झोपलात तरी ते चमकतंय, कपाटात ठेवलंत तरी चमकतंय.

फक्त ते दिसायला अंधार लागतो, आणि अंधार आता राहिलाय कुठे? भारनियमनाच्या ऐन दिवसांत हे घड्याळ तुमच्याकडे असतं तर गल्लीत नाव झालं असतं. इन्व्हर्टरने तीही संधी घालवली. त्यामुळे पाहुण्याला बाथरूममध्ये नेऊन दिवा घालवावा लागतो. नेण्याआधी पाहुणा कोण आहे, एवढं बघा.

"रेडिओॲक्टिव्ह" हा शब्द मित्रांसाठी राखून ठेवा. घरी "हायड्रोजन" म्हणा. आई फारच घाबरली तर खरं सांगून टाका की ट्रिटियमचे कण इतके दुबळे असतात की नळीची काचही त्यांना ओलांडता येत नाही, कातडी तर दूरच.

याच्याही मागचा, रेडियमचा इतिहास कुणी काढला तर ताबडतोब ताटाकडे वळा. पहिल्या महायुद्धात सैनिकांना अंधारात वेळ दिसावी म्हणून घड्याळाच्या तबकड्यांना रेडियमचा रंग लावत. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात हे काम तरुण मुली करायच्या. कुंचल्याचं टोक बारीक राहावं म्हणून ते ओठांत धरायचं, रंगात बुडवायचं, आकडा रंगवायचा, पुन्हा ओठांत. असंच करायला त्यांना शिकवलं होतं, आणि रंग निरुपद्रवी आहे असं सांगितलं होतं. काहींनी हौसेने नखांना लावला, दातांनाही. पुढे त्यांचे जबडे सडले. पाच जणी कोर्टात गेल्या. १९२८ मध्ये तडजोड होऊन प्रत्येकीच्या हाती १०,००० डॉलर आणि वर्षाकाठी काही रक्कम पडली. तो रंग तयार करणारे डॉ. सॅबिन फॉन सोचॉकी त्याच साली किरणोत्सर्गाने झालेल्या रक्ताच्या आजाराने गेले. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १,६०० वर्षं. त्या काळच्या घड्याळांचे काटे केव्हाच विझलेत, पण किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर जवळ नेला की तो अजून कडकडतो. मोहिमा, विमानं, पाणबुडे यांच्या रांगेत ही गोष्ट कुठेच बसत नाही, म्हणून जाहिरातीत ती बसवत नाहीत. तुम्हीही बसवू नका. लोक जेवत असतात.

तुमच्या घड्याळाचं प्रकरण बरोबर उलटं आहे. इथे किरणोत्सर्गच ओसरतो आणि प्रकाशही त्याच्याबरोबर जातो. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि कंपनी २५ वर्षं उजेडाची ग्वाही देते. म्हणजे पंचविसाव्या वर्षी उजेड उरेल चार आण्यांचा. चिंता नको, तोवर तुमची नजरही त्याच सुमाराला आलेली असेल आणि दोष नेमका कुणाचा हे ठरवता येणार नाही.

आत बहुतेक मॉडेलांत रोंडा कंपनीचं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ यंत्र असतं. ते किल्लीच्या महागड्या घड्याळांपेक्षा अचूक चालतं, पण एखादा घड्याळवेडा नाक मुरडेलच. त्याला टीव्हीवर जंगलात तग धरून दाखवणाऱ्या बेअर ग्रिल्सच्या नावाचं मॉडेल दाखवा. तो जास्तच मुरडेल, पण निघून जाईल.

आता शेवटची जपायची गोष्ट, मालकीची. २००६ मध्ये मॉन्डेन या स्विस कंपनीने ल्युमिनॉक्सचा अर्धा वाटा घेतला आणि २०१६ मध्ये उरलेलाही. मॉन्डेनची ख्याती कशाची, तर स्विस रेल्वेच्या स्टेशनवरच्या घड्याळाची मनगटी आवृत्ती काढण्याची! स्टेशनवरच्या त्या मूळ घड्याळाचा लाल सेकंदकाटा दर मिनिटाला बाराच्या आकड्यावर क्षणभर थांबतो, इशारा आला की पुढे सरकतो. थोडक्यात, सील कमांडोंचा वारसा सध्या फलाटाच्या ताब्यात आहे. हे कुणी उकरून काढलंच तर गांगरू नका. "स्विस गाड्या काय वेळेवर येतात हो!" असं म्हणा आणि हळूच विषय आपल्या लोकलवर न्या. एकदा तो विषय निघाला की तासभर तुमच्या मनगटाकडे कुणी बघायचं नाही.