सिंह थांबेल, तुम्ही सावकाश या

बारा वर्षं घोकून आणि दोन एफडी मोडून केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची सहल ठरली, अभिनंदन! ऑगस्टचं बुकिंग आहे, म्हणजे नदी ओलांडणाऱ्या विल्डेबीस्टांचा, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांच्या कळपांचा, हंगाम. ते बिचारे गवताच्या मागे शेजारच्या टांझानियातल्या सेरेनगेटीतून चालत येतात, कुणाचा पासपोर्ट नाही की लस नाही. तुम्हीही तसंच निघावं.

लशीचं तर मुळीच मनावर घेऊ नका. यलो फिव्हरची सुई कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या मोजक्या केंद्रांवर आधी नंबर लावावा लागतो, आणि टोचून घेतल्यावर दहा दिवसांनी लशीचं कार्ड ग्राह्य धरतात. म्हणून चौकशीला निघायचा आदला दिवस उत्तम. थेट भारतातून गेलेल्याला नैरोबीत सहसा कोणी हटकत नाही, त्यामुळे आपण जिंकलो असंच वाटेल. हटकतात ते परतताना, आपल्याच विमानतळावर, यलो फिव्हरच्या देशातून आलात म्हणून. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण! आठ दिवसांच्या सहलीला वरून सहा दिवस, तेही कंपनीने न सांगितलेले. कार्ड असलंच तर ते चेक-इनच्या बॅगेत अगदी तळाशी, लोणच्याच्या बरणीखाली ठेवा. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते, त्यामुळे कार्ड हरवायलाही आयुष्य पडलं आहे.

बॅग मात्र भक्कम घ्या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणारं विमान दहा-बारा जणांचं असतं आणि सामान त्याच्या पोटातल्या बुटक्या कप्प्यात कोंबतात. म्हणून नियम असा, की माणशी पंधरा किलो, तेही हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ, दाबली की दबणारी. तुम्ही चार चाकांची कडक ट्रॉली न्या. ती रिकामीच चार किलोची भरते. उरलेल्या अकरा किलोंत भडंग, शंकरपाळ्या, मेतकूट आणि (‘तिकडे काय मिळणार?’ म्हणून) दोन किलो तांदूळ. तिकडे लॉजवर डाळ-भात-चपाती असते आणि चहालाही ‘चाय’च म्हणतात, पण हे आधी कळलं तर बॅग भरण्यातली मजाच जाते. प्रत्येक जिन्नस वेगळ्या कॅरीबॅगेत, चपला आणखी एका कॅरीबॅगेत, आणि सगळ्यांना मिळून एक मोठी कॅरीबॅग. केनियात 2017 पासून या पिशव्यांवर बंदी आहे. विमानतळावरच काढून घेतल्या, की शंकरपाळ्या मोज्यांत भरायच्या.

कपडे निवडताना आफ्रिका म्हणजे रणरणतं ऊन हे पक्कं धरून चला. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, ऑगस्टच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि गाडीचं छप्पर उघडं असतं. पण स्वेटर घेतला तर फोटोत जाड दिसतो, नकोच तो. त्यापेक्षा गडद निळा टी-शर्ट आणि काळी पँट. पुढे टांझानियात तारांगिरेच्या जंगलात जाणार असाल तर हा पोशाख फारच शोभेल. त्सेत्से माशा पकडायला तिकडे झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगतात, कारण माशीला नेमके हेच रंग आवडतात. ती कपड्यावरूनही चावते आणि डासांच्या मलमाला फारशी भीक घालत नाही.

ड्रोनही घ्या. परवाना नसेल तर विमानतळावर ठेवून घेतात, तेवढंच ओझं कमी. कॅमेऱ्याची मोठी लेन्स भाड्याने आणा आणि ती पिशवीतून पहिल्यांदा सिंहासमोरच काढा. लेन्स बदलायची ती गाडी धावताना, धुळीच्या लोटात, म्हणजे आत बसलेला कण पुढच्या चारशे फोटोंत आकाशात त्याच जागी घारीसारखा दिसतो. ड्रायव्हर टेकू म्हणून बियांनी भरलेली उशी पुढे करील. ती पाठीला घ्या, आणि इंजिन बंद करायला सांगू नका. चालू इंजिनाच्या थरथरीत लांब लेन्सने टिपलेला बिबट्या तरस म्हणूनही खपतो.

गाडीच्या वायरलेसवर ‘चुई’ ऐकू आलं तर दुर्लक्ष करा. तिथल्या स्वाहिलीत चुई म्हणजे बिबट्या, दुमा म्हणजे चित्ता, किफारू म्हणजे गेंडा, हे पाठ करायला आपण काय शाळेत आहोत? त्यापेक्षा ड्रायव्हरला दर वीस मिनिटांनी विचारा, ‘टायगर कब दिखेगा?’ आफ्रिकेत वाघ नाही हे तो सांगत नाही. फक्त हसतो आणि बख्शिशीची आशा सोडतो. पाऊस पडून गेला असेल तर गाडी आडवाटेला घालायचा आग्रह धरा. तिथे आपल्या विदर्भासारखीच काळी कपाशीची जमीन आहे. ओली झाली की लँड क्रूझर बुडापर्यंत बसते आणि दुसरी गाडी दोर घेऊन येईपर्यंत गवतातून कोण बघतंय याचा अंदाज बांधत बसता येतं. ‘जरा पाय मोकळे करू’ म्हणायला याहून चांगली वेळ नाही.

रात्री तंबूत पांघरुणात पाय घातल्यावर काहीतरी गरम, मऊ, लिबलिबीत लागेल. ते कोणी नुकतंच मारलेलं जनावर नसून गरम पाण्याची रबरी पिशवी आहे. पण किंचाळायच्या आधी चौकशी करू नये. भाला घेतलेला राखणदार धावत येतो, बिचाऱ्याची रात्र जागती राहते.

आणि शेवटी वेळ. जुलै ते डिसेंबर अभयारण्याचं शुल्क परदेशी माणसाला दिवसाला दोनशे डॉलर, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांपुरतं. ड्रायव्हर म्हणेल, पहाटे सहाला गेटवर हवं, सिंह उन्हं चढायच्या आतच हिंडतात. त्याचं काय जातंय? तुमची घड्याळं भारताच्या वेळेवरच ठेवा, ती अडीच तास पुढे असतात. साडेआठ वाजलेले दिसले की ‘एवढ्या उशिरा कशाला?’ म्हणून परत झोपा. मग अंघोळ, ऑम्लेटच्या रांगेत दुसरी फेरी, राहिलेली टोपी, टोपीनंतर राहिलेला गॉगल. तिथल्या साडेनऊला निघालात तरी सिंहांचा कळप असतोच, काटेरी झुडपाच्या सावलीत, पंधरा गाड्यांच्या पलीकडे. त्या गवताचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका आणि खाली लिहा: ‘मधोमध जरा डावीकडे जे पिवळं दिसतंय, तो कान आहे.’