खुलासा : जून-जुलैमध्ये मालवणला शिडाच्या बोटीची सहल नसते

परभणी-जिंतूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'जून-जुलैत वारा भरपूर, शिडाच्या बोटीनं मालवण किनारा फिरायला हाच काळ उत्तम, भाडंही निम्मं.' हे चूक आहे. आणि गेल्या आठवड्यात तो मेसेज शहानिशा न करता मीच पुढं पाठवला होता, म्हणून हे लिहितोय.

मेअखेरीपासून 31 ऑगस्टपर्यंत तिथली पर्यटकांची बोटवाहतूक बंद असते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडीसुद्धा. यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही 1 जून ते 31 जुलै बंदी असते. एका जूनमध्ये मी स्वतः तिथं होतो. होड्या वाळूवर वर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या होत्या. वारा होता, पण तो सरळ किनाऱ्याकडं ढकलणारा, आणि लाटा माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या. आपण जायकवाडीचं पाणी पाहिलेली माणसं, त्यावरून समुद्राचा अंदाज बांधू नये.

शिडाची हौस असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा. पूर्वीचे कोळी याच वाऱ्यांवर सकाळी जात आणि संध्याकाळी परतत. तरंगायचं लाइफ जाकीट अंगात घातल्याशिवाय लेकरांना बोटीत बसवू नका.

काही जणांनी आगाऊ पैसे भरायची तयारी केलीय असं कळलं. कृपया थांबा. जुना मेसेज पुढं पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.