वृक्षारोपण कसं करावं: काही अनुभवी सूचना

वृक्षारोपण नेहमी ५ जूनच्या आसपासच उरकावं. पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो आणि टेकडीच्या मुरमात ओल मुरायला त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे जातात, हे खरं. पण जागतिक पर्यावरण दिन काही मान्सूनला विचारून ठरवलेला नाही. तेवढं रोपाने सांभाळून घ्यावं.

खड्डे स्वतः खणू नयेत. पहार लागते, हाताला फोड येतात. ते मे महिन्यात रोजंदारीवर करून घ्यावं आणि आपण नुसतं श्रमदान करावं.

फ्लेक्स रोपापेक्षा मोठा असावा.

रोप गुलमोहराचं घ्यावं. मूळचा मादागास्करचा असला म्हणून काय झालं, फुलतो छान. बोर, खैर, हिवर ही काटेरी मंडळी टाळावीत, नवे टी-शर्ट फाटतात. (माळरानावर मुळात एवढी झाडं हवीत का, असं कुणी विचारलं तर त्याला विकासविरोधी म्हणावं. गवतात घरटं करणाऱ्या चंडोलाला मत नसतं.)

खड्डा कमी पडला तर जुना शोधावा. गेल्या रविवारी एका कंपनीच्या सामाजिक जबाबदारीवाल्या तुकडीने हेच केलं. त्यांना दगडांचं सुरेख आळं केलेला एक खड्डा सापडला. मधोमध वाळकी काडी, शेजारी चिंधी बांधलेला बांबू. ‘हे मेलंय’ असा निकाल देऊन त्यांनी कुदळीने ती काडी मुळासकट काढली. अहो, पळस होता तो! पळसाचं लहान रोप उन्हाळ्यात वरून वाळतं, पहिली काही वर्षं असंच चालतं. मूळ खाली जिवंत असतं, पाऊस पडला की तिथूनच फुटवा येतो. आम्ही टेकडीवरची मंडळी दोन उन्हाळे त्याला बाटल्यांनी पाणी घालत होतो. ते आळं, तो बांबू, ती चिंधी, हे काय भुताने केलं असं वाटलं का? आणि त्या जागी लावलं काय, तर गुलमोहर. तोही काळ्या पिशवीसकट! पिशवी काढायची असते, एवढंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. एका रोपाला दहा-बारा हात लावून उभे होते, त्यातल्या एकाही हाताला पिशवी लागली नाही? मी बोलायला पुढे झालो तर एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘काका, जरा बाजूला व्हाल? फ्रेममध्ये येताय.’

झालो बाजूला.

आकडा मात्र जरूर जाहीर करावा. लावलेली मोजावीत, जगलेली मोजू नयेत. राज्य सरकारने २०१९ साली ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, नंतर त्या लागवडीच्या चौकशीला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. तुमची शंभर रोपं कोण तपासतंय?

बास. आता सरळच बोलतो. फेब्रुवारीत गवत वाळतं तेव्हा जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायला या म्हटलं की ग्रुपवर पन्नास अंगठे येतात, माणूस एक येत नाही. वणवा लागला की मात्र गच्चीवरून व्हिडिओ काढून ‘प्रशासन झोपलंय का’ विचारता. तुम्ही कुठे होतात? एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला पायथ्याशी कॅन भरून ठेवलेले असतात. उचलायला चार-पाच पेन्शनर, त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेले. तुमच्या तुकडीतले तिशीतले दहाजण महिन्यातून एका रविवारी आले असते तरी निम्मी रोपं वाचली असती. जिम लावता ना? मग पाच लिटरचा कॅन जड का होतो?

नाही जमत तर राहू द्या, जूनमध्येही येऊ नका. आणि आलातच तर कुदळ उचलण्याआधी विचारा. टेकडीवर रोज माणसं असतात, त्यांना एक शब्द विचारायला काय जातं तुमचं?