चिंता बांधावरचीच, निरोप मात्र मेंदूतून जातो

भाऊ, तुमच्या प्रतिक्रियेतल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण तीच तातडीची आहे. 'आईची गुडघ्याची पुडी मी परवाच बंद केली,' असं तुम्ही लिहिलंय. गुडघेदुखीवरच्या अशा पुड्यांत अनेकदा न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ती पुडी किती दिवस चालू होती? काही आठवड्यांहून जास्त असेल तर आईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि उरलेल्या पुड्या सोबत ठेवा. पुढचं सगळं नंतर वाचा.

आता तुमचे आक्षेप. मेंदूतली पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या छोट्या माळा) आणि कॉर्टिसॉल (ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक) यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही म्हणता, 'शेतकऱ्याची चिंता बांधावर असते, तुम्ही ती ४१ मण्यांच्या माळेत ओवली, आणि ती माळ पाहिली कोणी?' चिंता बांधावरचीच, हे मला मान्य आहे. वादळात उभी केळी आडवी झाली तर त्याचं कारण कोणी मेंदूत शोधू नये. पण बाग आडवी झाली हे कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला आपोआप कळत नाही, तिला निरोप लागतो. असा निरोप्या मेंदूत असणार, हे १९५५ सालीच प्रयोगांतून दिसलं होतं. तो हाती लागला १९८१ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत वायली वेल आणि सहकाऱ्यांनी लाखो मेंढ्यांच्या मेंदूंतून तो वेगळा काढला, त्याचं नाव सीआरएच. ४१ अमिनो आम्लं, एकेक मोजलेलं.

दुसरा आक्षेप मला जास्त लागला. 'स्टिरॉइड एकदम बंद करू नका, असं लिहून पुडीवाल्यांचाच धंदा वाढवला.'

मी पाचोऱ्यात औषधांचं दुकान चालवते. माझे मामा दोन वर्षं अशीच एक पुडी घेत होते. गुडघे मोकळे झाले, पण चेहरा गोल झाला, आणि बैलाचा दोर नुसता घासला तरी हातावर जांभळा डाग उठायचा. मी चिडून सांगितलं, आजपासून बंद. आठवड्याभरात ताप आला, उलट्या सुरू झाल्या. 'माले गरगरी ऱ्हायनं' म्हणत ते ओट्यावरच बसले आणि उठेनात. दवाखान्यात रक्तदाब फार खाली गेलेला निघाला. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन दिलं तेव्हा सावरले.

असं का झालं? गिरणेचा पाट डोळ्यांसमोर आणा. मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच सोडतो, ते बारीक रक्तवाहिन्यांतून खालच्या पियुषिका ग्रंथीत पोचतं. जोडीला ९ अमिनो आम्लांचं व्हेसोप्रेसिन हे दुसरं पेप्टाइड आलं, की दोघांचा मिळून जोर बेरजेपेक्षा जास्त होतो. पियुषिका मग ३९ अमिनो आम्लांचं एसीटीएच हे पुढचा निरोप नेणारं संप्रेरक रक्तात सोडते आणि ॲड्रिनलचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल बनवतो. तिथे साठा नसतो, मागणी आली की ताजं करावं लागतं. रक्तात पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल वर जाऊन गेट बंद करायला लावतं. (घाबरल्यावर क्षणात छाती धडधडते ती ॲड्रिनॅलिनमुळे. ते ग्रंथीच्या आतल्या भागातून, थेट नसांच्या हुकमाने सुटतं.)

पुडीतलं स्टिरॉइड कॉर्टिसॉलसारखंच काम करतं, म्हणजे तो रोजचा टँकर. शेत भिजलेलं दिसतं, म्हणून वरून आवर्तन सुटतच नाही. सीआरएच घटतं, एसीटीएच घटतं. आणि एसीटीएच नुसता हुकूम नाही, ग्रंथीचं पोषणही त्यावरच चालतं. वर्षभर चारीत पाणी सुटलं नाही तर गाळ साचतो, गवत माजतं, आणि मग गेट उघडलं तरी शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. तशी ॲड्रिनल सुकते. टँकर एका दिवसात बंद झाला आणि त्यात ताप आला, की मामांसारखं होतं. ग्रंथीला पुन्हा उभं राहायला काही महिने लागतात, कधी वर्षही जातं. म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीत पायरीपायरीने उतरवायचा.

एक चूक माझी. 'एकदम बंद करू नका' एवढंच लिहून मी थांबले, त्याचा अर्थ 'घेत राहा' असा निघू शकतो. पुडीवाल्याचं दार त्याच दिवशी सोडायचं, पण गोळीचा हिशोब डॉक्टरांच्या हाती द्यायचा, हे तिथेच लिहायला हवं होतं. लेखात आज ते घातलंय.

आईंना उलट्या, चक्कर, कमालीचा थकवा असेल तर सकाळची वाट पाहू नका. दवाखान्यातून आलात की इथे दोन शब्द लिहा, मी बघत राहीन.