‘सगळी वायरिंग उपटा आणि नवी टाका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या १९७२ च्या शेवरोले सी-१० पिकअपच्या वायरिंगवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देतो. गाडी पन्नास वर्षांची, ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर ऑप्शनची यादी चिकटवलेली, उरलेलं चॅसी नंबरवरून कळतं. मग जुनी माहितीपत्रकं, असेंब्ली मॅन्युअल, अल्टरनेटरवरचे शिक्के असला काथ्याकूट हवाय कशाला? तुमच्या सांगलीच्या गॅरेजमध्ये ही सगळी वायरिंग उपटून दोन दिवसांत नवी टाकली असती. आणि ‘ओरिजिनल’चा सोस म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले.

चोचल्यांचं आधी मिटवू. माझी गाडी प्रदर्शनात उभी राहणारी नाही. तिच्यातून मी प्लायवूड आणतो, पानगळीत कचऱ्याच्या गोण्या टाकून येतो. कारखान्यातून काय बसवून आलं होतं हे मी शोधतो, ते एखादी वायर कापायच्या आधी ती कुणी आणि कशासाठी घातली हे कळावं म्हणून. इतक्या वर्षांत त्या गाडीवर मालकांचे आणि मालकांच्या मेव्हण्यांचे हात फिरलेत. मेव्हण्यांच्या वायरी खुशाल उपटा, माझी काही हरकत नाही. पण आधी त्या ओळखू तर येऊ देत.

आता चॅसी नंबर. १९७२ च्या सी-१० चा नंबर ‘सीसीई१४२’ असा सुरू होतो. पहिला सी शेवरोलेचा, दुसरा मागची चाकं ओढणाऱ्या गाडीचा, ई म्हणजे व्ही-८ इंजिन, १ म्हणजे अर्ध्या टनाची मालिका, ४ म्हणजे पिकअप आणि २ म्हणजे १९७२. मग कारखान्याचं अक्षर आणि अनुक्रमांक. संपलं. त्या वर्षी या गाडीला ३०७, ३५० आणि ४०२ घन इंचांचे तीन व्ही-८ मिळत होते, आणि ४०२ ला शेवरोले स्वतः ४०० म्हणून विकत होती, हा वेगळाच घोळ. यातला कुठला होता, हे ई सांगत नाही. गिअरबॉक्स कुठला, एसी होता का, डॅशवर काटे होते की नुसते दिवे, याबद्दल तर नंबरात अक्षरही नाही.

स्टिकर जास्त बोलतो, हे तुमचं खरं. सी-६० म्हणजे एसी, जी-८० म्हणजे लॉक होणारं डिफरन्शियल, झेड-५३ म्हणजे काट्यांचे मीटर. पण तो लावला होता पार्टच्या काउंटरवरच्या माणसासाठी, योग्य सुटा भाग काढून देता यावा म्हणून. त्यामुळे त्यावर फक्त ऑप्शन असतात. जे मुळातच सगळ्या गाड्यांत येत होतं ते नसतं, आणि डीलरने त्याच्या शेडमध्ये बसवलेलंही नसतं. त्यातून ग्लोव्हबॉक्सचं झाकण भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं असू शकतं, तेव्हा स्टिकरवरचा नंबर गाडीच्या पाटीशी जुळवल्याशिवाय यादी वाचायलाच घेऊ नये. नवे छापलेले स्टिकर विकतही मिळतात.

माझ्या गाडीत एसी आहे, पण स्टिकरवर सी-६० नाही. त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘सी-६० नाही म्हणजे एसी नंतरचा, यात संशोधन काय?’ बरोबर. पण मला हवं होतं ते एवढंच की बसवणाऱ्याने सप्लाय कुठून घेतला. घेतला होता हीटरच्या ब्लोअरच्या फ्यूजवरून. एसीचा ब्लोअर आणि कॉम्प्रेसरचा क्लच, दोघांचा भार त्या एका फ्यूजवर. हे कुठल्याच स्टिकरवर लिहिलेलं नसतं.

आणि कागद तरी कुठे सगळे मिळतात? माहितीपत्रकं वर्ष सुरू व्हायच्या आधी छापली जात, त्यामुळे त्यांतलं सगळंच पुढे तसंच बनलं असं नसतं. शेवरोलेची मालक जनरल मोटर्स (जीएम), तिचं हेरिटेज सेंटर त्या वर्षाच्या मॉडेलची माहिती देतं, तुमच्या एका गाडीची नाही. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांचं नशीब बरं, त्यांची नंबरनिहाय नोंद मिळते. बाकीच्यांनी गाडीलाच विचारायचं.

आता मुख्य मुद्दा : नवी वायरिंग. मी तिच्या विरोधात नाही. इन्शुलेशन तडकलं असेल, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने टर्मिनल हिरवे पडले असतील, तर टाकावीच लागते. पण या गाडीच्या मापाचा तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) मागवून बघा. विकणारा पैशांच्या आधी प्रश्न विचारतो. डॅशवर दिवे की काटे? गिअर हाताचा की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिक असेल तर जीएमच्या दोन गिअरबॉक्सपैकी कुठला, टर्बो ३५० की ४००? चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बाहेर की अल्टरनेटरच्या पोटात? इग्निशन पॉइंटवर (उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर) की एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक? ज्याला तुम्ही काथ्याकूट म्हणता तो हाच, फक्त दुकानाच्या काउंटरवर उभं राहून केलेला.

गिअरबॉक्सचंच घ्या. टर्बो ४०० चा किकडाउन (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडणं) विजेवर चालतो : थ्रॉटलपाशी स्विच, गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड, म्हणजे विजेवर हलणारा खटका. टर्बो ३५० ला त्यासाठी केबल असते, वायरीचा संबंधच नाही. माझ्या गाडीत थ्रॉटलपाशी स्विचची पट्टी आणि खाली लोंबणारी वायर होती, आणि गिअरबॉक्स मात्र ३५०. म्हणजे खोका कधीतरी बदलला गेलाय. ती वायर ‘निरुपयोगी’ म्हणून आधीच कापली असती तर हे कळलं नसतं, आणि मी ४०० चा हार्नेस मागवायचा की ३५० चा, यावर डोकं खाजवत बसलो असतो.

इग्निशन कॉइलची, म्हणजे स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलची, वायर याहून घातक. १९७२ च्या गाडीत इग्निशन ऑन असताना कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट जात नाहीत. कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर तुम्हाला ठाऊक असणारच. इथे तो वेगळा दिसत नाही, फायरवॉलकडून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडून) कॉइलकडे येणारी कापडी वेष्टणाची वायर हाच रेझिस्टर. स्टार्टर फिरतो तेवढ्यापुरती सोलेनॉइडच्या ‘आर’ टर्मिनलवरून पिवळी वायर कॉइलला पूर्ण बॅटरी देते. त्या कापडी वायरीच्या जागी साधी तांब्याची वायर ओढली तर गाडी छान सुरू होईल, गिऱ्हाईक खूश होऊन जाईल, आणि काही दिवसांनी पॉइंट जळाले म्हणून परत येईल. उलट १९७५ पासूनचा एचईआय डिस्ट्रिब्युटर आणून तो याच वायरीवर जोडला, तर त्याला व्होल्टेज पुरत नाही आणि जोर लागला की इंजिन मिसिंग करतं.

रंगांबद्दल तुम्ही म्हणालात की रंग कुणी बघतं का, टेस्ट लॅम्प लावला की कळतं. या गाड्यांत बघावेत. मी राहतो त्या ओहायोतच वॉरेन नावाचं गाव आहे. तिथल्या पॅकार्ड इलेक्ट्रिकच्या वायरी आणि कनेक्टर जीएमच्या गाड्यांत गेले. नारिंगी कायम बॅटरीवर, गुलाबी किल्ली फिरवल्यावर, तपकिरी पार्किंगला, जांभळी स्टार्टरच्या सोलेनॉइडला. मागे डावीकडे पिवळी, उजवीकडे गडद हिरवी. आणि इथेच आपल्याकडच्या वायरमनची फसगत होते. आपल्याकडे ब्रेक लाइट वेगळा, इंडिकेटर वेगळा. इथे मागच्या बल्बचा एकच फिलामेंट दोन्ही कामं करतो. म्हणून ब्रेक स्विचमधून निघालेली पांढरी वायर सरळ मागे जात नाही. ती आधी स्टिअरिंग कॉलममधल्या इंडिकेटर स्विचमध्ये शिरते आणि तिथून पिवळी-हिरवी होऊन मागे जाते. ब्रेक लाइट लागत नाही म्हणून कुणी मागे डायरेक्ट वायर मारली, की डावा इंडिकेटर देताच दोन्ही बाजू लुकलुकणार किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर गुल होणार.

आता अँपिअर मीटर, ज्याच्यामुळे मी या नादाला लागलो. त्याचा काटा कायम चार्जिंगच्या बाजूला झुकलेला असायचा. जीएमच्या या मीटरमधून गाडीचा करंट जात नाही. अल्टरनेटरच्या बाजूकडून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड लाल वायरीच्या दोन टोकांना दोन बारीक वायरी, एक काळी आणि एक काळ्यावर पांढरी रेघ असलेली. मीटर त्या लाल वायरीवरचा किंचित व्होल्टेज ड्रॉप मोजतो. बॅटरीजवळची टेप सोडवली, तेव्हा आतली कारखान्याची टेप वेगळी ओळखू आली : कोरडी, बिनचिकट, नुसती गुंडाळलेली, हाताला चिकटत नाही. तिच्यावर कुणाची तरी चिकट काळी टेप, तिचा डिंक वितळून ओघळलेला. त्या डिंकाखाली पिवळ्या स्लीव्हचा लग (वायरीच्या टोकाची कडी), थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, आणि त्याची वायर गेलेली इलेक्ट्रिक फॅनला.

फॅन चालू असला की त्याचा सगळा करंट लाल वायरीतून बॅटरीपर्यंत येऊन मग फॅनला जायचा, आणि मीटरला वाटायचं बॅटरी चार्ज होतेय. मीटर चांगला, अल्टरनेटर चांगला. फॅनचा सप्लाय फ्यूज आणि रिलेमधून अल्टरनेटरच्या बाजूला नेला आणि काटा मधे आला. आधीच्या कुणीतरी याच काट्यापायी अल्टरनेटर बदलला असावा असा मला दाट संशय आहे. कारण १९७२ च्या या गाडीत रेग्युलेटर बाहेर, रेडिएटरच्या चौकटीवर असतो. तो तिथे आहेही, पण एकही वायर न जोडलेला, आणि अल्टरनेटर १९७३ पासूनच्या आतल्या रेग्युलेटरचा.

हा उपाय दुसऱ्या कंपनीच्या गाडीला जसाच्या तसा लावू नका. त्याच काळातल्या डॉजच्या पिकअपमध्ये सगळा करंट खरोखर डॅशमधल्या मीटरमधून फिरून येतो आणि फायरवॉलवरचा कनेक्टर वितळतो. फोर्डमध्ये पेट्रोल आणि टेंपरेचरच्या काट्यांना एक छोटा रेग्युलेटर सरासरी ५ व्होल्ट देतो, तोही चालू-बंद करत. टेस्ट लॅम्प लुकलुकलेला पाहून कुणी ‘सप्लाय लूज आहे’ म्हणत डायरेक्ट १२ व्होल्ट दिले, की काटे जळाले.

फोटोत चॅसीखाली लोंबणाऱ्या ज्या दोन वायरी तुम्हाला खटकल्या, त्या मीही काढल्या. पिवळ्या आणि तपकिरी वायरीला निळ्या चिमट्यांनी टोचून जोडलेल्या होत्या. कारखाना असा जॉइंट मारत नाही. ते कुणाच्या तरी ट्रेलरचं काम. चिमट्याने तोडलेल्या जागा कापून, क्रिंप करून, वर हीट श्रिंक चढवलंय.

आणि तुम्ही विचारलेला अँपिअर मीटरचा फ्यूज : मीटरच्या दोन्ही बारीक वायरींना प्रत्येकी एक, ४ अँपिअरचा, काचेचा, वायरीतच अडकवलेल्या होल्डरमध्ये. दोन्हीपैकी एक गेला तरी काटा हलत नाही, तेव्हा मीटर खोलण्याआधी तेच बघा. आणि ४ चा मिळाला नाही म्हणून १५ चा ठोकू नका. ती वायर बारीक आहे आणि दुसऱ्या टोकाला थेट बॅटरी आहे.